चाकाच्या नाभींतील कडें

घरांतील कुकरची रबरी रिंग सैल झाली म्हणजे काय होतें, हें ठाऊक नसलेली गृहिणी आज सांपडणें कठीण. शिटी होत नाहीं, वाफ कडेनें फुसफुसत निघून जाते, डाळ अर्धीकच्ची राहते, आणि प्रथम दोष दिला जातो तो डाळीला, मग शेगडीला, मग क्वचित् सुनेलाही! शेवटीं कोणीतरी झांकण उलटें करून त्या रिंगेकडे पाहतें आणि सर्व उलगडा होतो. मोटारीच्या पुढच्या चाकांतही असेंच एक कडें असतें. तें कोणाला दिसत नाहीं, त्याचें नांव घरांत कोणी घेत नाहीं. परंतु तें बिघडलें असतां नुसती डाळ कच्ची राहत नाहीं, प्रसंगीं माणसाच्या जिवावर बेततें. गेल्या वर्षीं या कड्यानें आम्हांला जवळजवळ महिनाभर हिंडविलें. त्या हिंडण्यांत जें शिकावयास मिळालें तें, जुनी गाडी बाळगणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडेल आणि न बाळगणाऱ्यांस निदान वाचावयास बरें वाटेल, अशा समजुतीनें येथें लिहीत आहें.

आमचें गांव शेंदूरजनाघाट. अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, मध्यप्रदेशाच्या सीमेलगत वसलेलें हें संत्र्यांचें गांव. येथील रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलमें तयार होतात आणि दूरदूरच्या बागांत जातात. आमच्याही घरची थोडी बाग आहे. माझे वडील बंधु, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणत असूं, त्यांनीं १९७९ सालीं बागेच्या कामासाठीं एक जुनी जीप विकत घेतली. ती महिंद्र कंपनीची, उंच बोनेटची, १९६५ सालची. दादांना जाऊन आतां तीन वर्षें झालीं. पुतण्या पुण्यास नोकरीला असतो. मी शाळेंतून निवृत्त होऊन बाग पाहतों, आणि जीप गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपरांत उभी असते. आंबिया बहाराच्या तोडणींत ती संत्र्यांचीं खोकीं बांधावरून सडकेपर्यंत आणते. आणि वर्षांतून दोनदां तिचें एक ठरलेलें काम असतें. वहिनींचें माहेर मुलताईचें, तापीच्या उगमाचें गांव. गणपति झाल्यावर एकदां आणि भाऊबिजेला एकदां वहिनी तेथें जातात, आणि त्या जीपनेंच जातात. दादा असतांना हा नेम होता, दादांच्या मागेंही तो मोडला नव्हता.

गेल्या भाद्रपदांत मुलताईहून परततांना चाक माझ्या हातीं होतें. शेजारीं वहिनी आणि मागें माझा नऊ वर्षांचा नातू. सातपुड्याचा उतार लागला. एका वळणाआधीं मीं ब्रेक दाबला तो गाडी वेग कमी करीत करीत एकदम उजवीकडे ओढली गेली. आपल्या देशांत उजवी बाजू समोरून येणारांची, आणि समोरून एक मालमोटार येत होती. मीं ब्रेक सोडला, चाक डावीकडे वळविलें, ती मालमोटार भोंगा वाजवीत निघून गेली. आम्ही कडेला उभे राहिलों तेव्हां कोणीच कांहीं बोललें नाहीं. बऱ्याच वेळानें वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ही गाडी अशी कधीं वागली नव्हती हो.”

पुढचा सर्व रस्ता मीं दुसऱ्या गियरमध्यें, ब्रेकला शक्य तों न शिवतां काढला. रात्रीं पुतण्याला दूरध्वनि केला. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, “काका, साठ वर्षांची गाडी आहे ती. आतां भंगारांत देऊन टाका. भाऊबिजेला आईसाठीं मी टॅक्सी ठरवून देईन.” त्याचें म्हणणें अयोग्य नव्हतें. ज्याची आई त्या गाडींत बसली होती त्यानें याहून निराळें काय म्हणावें? परंतु वहिनी शेजारच्या खोलींत होत्या आणि त्यांनीं तें ऐकलें होतें. मीं त्याच्याकडून एवढेंच मागून घेतलें कीं, दोष काय आहे तें आधीं कळूं दे. भाऊबिजेपर्यंत गाडी निर्दोष झाली नाहीं, तर मी स्वतः ती विकीन.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिस्त्रीला बोलाविलें. हा माझाच एके काळचा विद्यार्थी. शब्दरूपें त्याला कधीं धड आलीं नाहींत. पण जें हातानें करावयाचें तें तो चुकत नसे. त्यानें डावें चाक उतरविलें, मधल्या टोपणाचे सहा बोल्ट काढले, आंतील दोन चाक्या आणि त्यांच्या मधला वांकविलेला पत्रा सोडविला, आणि ड्रम बाहेर ओढला. आंतील ब्रेकचे लायनर काळे आणि ओलसर झाले होते. त्यावरील काळें बोटावर घेऊन त्यानें तें चोळलें, हुंगलें, आणि म्हणाला, “गुरुजी, हे ग्रीस आहे जी, तेल नाही. तेल असतं तं बिमारी आतली राहिली असती.”

या एका वाक्यांत पुष्कळ ज्ञान होतें. जीपच्या पुढच्या चाकांनाही एंजिनाचा जोर मिळत असल्यामुळें तिच्या पुढच्या आंसांत दांतेरी चक्रें असतात, आणि त्यांना पातळ तेल लागतें. आंसाच्या नळींतील सील गेलें तर तें तेल चाकाकडे उतरतें; तें पातळ असतें आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. याच्या उलट चाकाच्या बेअरिंगांतील ग्रीस दाट असतें, त्याला तसा वास नसतो. दोहोंचा परिणाम बाहेरून एकच दिसतो, म्हणजे ओला ब्रेक. पण उपाय अगदीं निराळे. कोणता पदार्थ गळतो हें न पाहतां जो सील बदलावयास धांवतो, तो ताप कोठून आला हें न विचारतां मात्रा उगाळणाऱ्या वैद्यासारखा होय.

आतां हें कडें करतें तरी काय, तें सांगितलें पाहिजे. चाकाचा मधला भाग, ज्याला गाडीवाले तुंबा म्हणतात आणि मोटारवाले हब, तो आंसाच्या टोंकावर फिरतो. आंस आणि तुंबा यांच्यामध्यें निमुळत्या रुळांचीं दोन बेअरिंगें असतात, आणि त्यांना ग्रीस हवें. तें नसेल तर तीं तापतात, झिजतात व शेवटीं अडकून बसतात. त्याच तुंब्याला ब्रेकचा ड्रम जोडलेला असतो, आणि बेअरिंगापासून अवघ्या कांहीं अंगुळांवर ब्रेकचे लायनर त्या ड्रमला घांसून गाडी थांबवितात. त्यांना कोरडेपणा हवा. ग्रीसचा हात लागला कीं त्यांची पकड गेली. म्हणजे एकाच घरांत दोन असामी नांदतात, एकाला स्निग्धता हवी, दुसऱ्याला कोरडेपणा, आणि कोणाचेंच म्हणणें खोटें नाहीं. दोघांच्या मधोमध हें कडें उभें असतें. तें फाटलें कीं डाव्या चाकाचा ब्रेक निसटतो, उजव्याचा मात्र धरतो, आणि गाडी उजवीकडे ओढली जाते. आमच्या बाबतींत नेमकें हेंच झालें होतें.

येथें एका जुन्या संस्कृत शिक्षकाला थोडें विषयांतर क्षम्य असावें. चाकासंबंधीं आपल्या भाषेची संपत्ति मोठी आहे. मधला भाग ती नाभि, तीपासून निघणारे ते अर, बाहेरची ती नेमि, आणि ज्यावर फिरावयाचें तो अक्ष. आंसाच्या टोंकाला जी खीळ, तिला वैदिक भाषेंत ‘आणि’ असें नांव आहे. आपल्या मराठींतील उभयान्वयी ‘आणि’शीं तिचें नातें नाहीं, तरी दोघींचें काम जोडून ठेवण्याचेंच, ही गंमत आहे. इंग्रजींत चाकाच्या तुंब्याला जो ‘नेव्ह’ म्हणतात तो आपल्या नाभीचाच दूरचा आप्त, आणि त्यांचा ‘ऍक्सल’ हा आपल्या अक्षाचा. शब्द एवढे सांपडले; पण आमच्या कड्याला मात्र जुना शब्द मला कोठें मिळाला नाहीं. विचार करतां त्याचें कारण ध्यानांत आलें. बैलगाडीच्या तुंब्यांत एरंडेलाचें वंगण घालीत. तें गळे, धूळ खाई, आणि गाडीवान तें पुन्हां घाली. गळलेल्या वंगणानें बिघडावें असें शेजारीं कांहीं नव्हतेंच! चाकाला वेग आला, आणि त्या वेगाला आवरणारा ब्रेक चाकाच्याच पोटांत जाऊन बसला, तेव्हां या कड्याची गरज निर्माण झाली. गरज नव्हती तेथें शब्दही नव्हता.

ज्या निमुळत्या रुळांच्या बेअरिंगांचा वर उल्लेख आला, तींही एका गाडीवाल्याचीच देणगी आहे. हेन्री टिमकेन हा अमेरिकेंतील सेंट लुई येथील घोडागाड्या बांधणारा कारखानदार. गाडी वळतांना चाकावर नुसता वरचा भार येत नाहीं, बाजूनेंही रेटा बसतो. दोन्ही एकदम सोसण्यासाठीं रूळ निमुळते करून तिरके बसवावे, या युक्तीचें पेटंट १८९८ सालीं मिळालें, आणि मोटारींच्या चाकांत तीच पुढें रूढ झाली. कड्याची हकीकतही अशीच चित्तवेधक आहे. पूर्वीं चाकांत नमद्याचीं किंवा कातड्याचीं कडीं घालीत, आणि कातड्याचें कडें बसविण्यापूर्वीं तेलांत भिजवून ठेवावें लागे. जर्मनींतील वाइनहाइम गांवीं फ्रॉयडेनबर्ग नांवाचा १८४९ पासूनचा कातडें कमावण्याचा कारखाना होता. तेथील वाल्टर झिमर नांवाच्या अभियंत्यानें १९३० च्या सुमारास कमावलेल्या कातड्याचा ओठ धातूच्या कवचांत बसवून एक सुटसुटीत कडें तयार केलें. त्याला तेथें आजही झिमररिंग म्हणतात. साधें रबर तेलांत फुगतें, म्हणून प्रथम कातड्यावांचून गत्यंतर नव्हतें. पुढें तेलाला दाद न देणारें नायट्राइल नांवाचें कृत्रिम रबर निघालें आणि त्यानें कातड्याची जागा घेतली.

आजचें सील म्हणून जें मिळतें त्याचे तीन भाग. बाहेर पत्र्याचें कवच, तें तुंब्यांत घट्ट ठोकून बसतें आणि त्याच्याबरोबर फिरतें. आंत रबराचा पातळ ओठ, तो न फिरणाऱ्या आंसाला हलकेच टेकून राहतो. आणि त्या ओठाच्या पाठीशीं सुतळीहून बारीक अशी गोल स्प्रिंग, ती ओठाला सतत आंसाकडे ओढून धरते. ओठ म्हातारा होऊन कडक झाला, किंवा स्प्रिंग निसटली, कीं सीलाचा अवतार संपला. आमच्या सीलाचा ओठ नखानें दाबला तर खापरासारखा तुटत होता.

आतां माझ्या हातून घडलेला प्रमाद सांगतों. मिस्त्रीनें तें जुनें कडें उपसून माझ्या हातीं दिलें आणि “गुरुजी, हे सांभाळून ठेवजा,” असें बजाविलें. मला स्वच्छतेची हौस! दुपारीं ग्रीसनें माखलेल्या चिंध्या गोळा करतांना तें कडेंही त्यांत गेलें, आणि दुसऱ्या सकाळीं नगरपरिषदेची घंटागाडी तें घेऊन गेली. चाळीस वर्षें मुलांना ‘पाटी पुसण्यापूर्वीं उत्तर वहींत लिहून घ्या’ म्हणून सांगणाऱ्यानें स्वतःची पाटी अशी पुसून टाकली.

मग मी नुसतें नांव घेऊन निघालों. वरूडच्या दुकानांत विचारलें, “१९६५ च्या जीपच्या पुढच्या चाकाचें सील आहे काय?” नाहीं. अमरावतीस गेलों, तेथें दुकानदारानें मान हलविली आणि एवढ्या जुन्या गाडीचे भाग आतां कोणी ठेवीत नाहीं असें सांगितलें. नागपुरास एका ठिकाणीं ‘जीपचें पुढचें सील’ म्हणतांच एक पुडकें समोर आलें. मी हर्षानें तें घेऊन आलों. मिस्त्रीनें तें तुंब्यांत ठेवलें तों अंगठ्याच्या दाबानेंच आंत गेलें. ज्याला हातोडी लागावयास हवी तें बोटानें बसलें, म्हणजे तें सैल. तें नंतरच्या कोणत्यातरी गाडीचें असावें. दुकानदाराचा यांत दोष नव्हता. मीं जें मागितलें तें त्यानें दिलें. मी म्हणालों, “भोंवतीं थोडें चिकटण लावून बसव ना.” त्यानें सील काढून माझ्या हातांत परत ठेवलें. “नाही जी. त्याच्यात आजीबाई बसते.” आमच्या वहिनींना सारें गांव आजीबाई म्हणतें.

घटस्थापना होऊन गेली. पुतण्याला हें सर्व कळवीत होतों. गाडी विकावी हें त्याचें मत कायम होतें. तरी एका रविवारीं तो आपण होऊन पुण्याच्या नाना पेठेंत, जेथें मोटारींच्या सुट्या भागांचीं दुकानें ओळीनें आहेत, तेथें गेला. तेथूनच त्याचा दूरध्वनि आला: “काका, हे नांव विचारीत नाहींत, माप विचारतात. माप काय आहे?”

माप काय आहे! तीन आठवडे मी चार गांवें हिंडलों, आणि हा प्रश्न मला स्वतःला सुचला नव्हता.

त्याच संध्याकाळीं आम्ही दुसरें, म्हणजे उजवें चाक उघडलें. त्यांतील सील काढतांना वेडेंवांकडें झालें, आणि त्याच्या पाठीवरील आंकडा गंजानें खाल्ला होता. मिस्त्री म्हणाला, “याचं माप घेऊच नका गुरुजी. मशीनचं घ्या.” त्याचें कारणही त्यानें सांगितलें आणि तें मला फार पटलें. जुन्या सीलाचा ओठ झिजून रुंदावलेला असतो, कवच उपसतांना दबलेलें असतें. त्यावर घेतलेलें माप म्हणजे आजाऱ्याचें वजन पाहून निरोग्याचा सदरा शिवण्यासारखें. न बदलणाऱ्या वस्तूचें माप घ्यावें. आंसावर ओठ जेथें टेकतो तेथील जाडी, तुंब्यांत कवच जेथें बसतें त्या भोंकाचा व्यास, आणि त्या बैठकीची खोली, हीं तीन मापें. सीलावर आंकडे छापलेले असतात तेही याच क्रमानें: आंतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी.

व्हर्निअर मीं शाळेंतून मागून आणलें. पीअर व्हर्निअर या फ्रेंच गृहस्थानें १६३१ सालीं प्रसिद्ध केलेली ही युक्ति मीं कित्येकदां विज्ञानाच्या तासाला मुलांच्या हातीं पाहिली होती. ती स्वतःच्या गरजेसाठीं वापरण्याचा प्रसंग प्रथमच आला. नातवानें कंदिलासारखी बॅटरी धरली, मिस्त्रीनें माप घेतलें, मीं लिहून घेतलें. मिलिमीटरांत आंकडे विचित्रच येऊं लागले, पूर्णांकाला एकही धड जुळेना. नातू म्हणाला, “आजोबा, आपण चुकतों आहोंत का?” मीं २५.४ नें भागून पाहिलें, आणि तेच आंकडे इंचांच्या अष्टमांश-षोडशांशांत चपखल बसले.

कारण उघड होतें. जीप हें वाहन मूळचें अमेरिकेचें. १९४० सालीं तेथील सैन्याच्या मागणीवरून बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें पहिला नमुना केला, आणि विलीज् व फोर्ड यांनीं महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांवर गाड्या बांधल्या. आपल्याकडे ती आणली १९४५ सालीं महिंद्र बंधु व मलिक गुलाम महंमद यांनीं काढलेल्या कंपनीनें. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९४८ सालीं कंपनीचें नांव ‘महिंद्र आणि महिंद्र’ असें पडलें, आणि मुंबईस माझगांवांत जीपगाड्या जुळविल्या जाऊं लागल्या. आपल्या देशांत मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ सालीं, आणि दादांची जीप त्यानंतर नऊ वर्षांनीं जन्मली. तरी तिचा आराखडा परदेशी, म्हणून तिचें हाड न् हाड इंचांतलें. तिच्या बेअरिंगांवर १८५९० व १८५२० हे आंकडे अजून स्वच्छ वाचतां येत होते. त्या जोडीचा आंतला व्यास एक पूर्णांक पांच-अष्टमांश इंच, म्हणजे ४१.२७५ मिलिमीटर, आणि बाहेरचा दोन पूर्णांक सात-अष्टमांश इंच, म्हणजे ७३.०२५. मिलिमीटरांत असा आंकडा कोण मुद्दाम ठरवील? वाचकांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, जुन्या गाडीचें माप ‘जवळजवळ’ एखाद्या मेट्रिक मापाएवढें आलें, तर त्या ‘जवळजवळ’वर विसंबूं नये. सीलाचें कवच तुंब्यांत घट्ट बसतें तें केसाएवढ्या फरकाच्या जोरावर. तेवढा फरक उलट बाजूला गेला कीं नागपुराहून आणलेल्या सीलासारखी गत होते. आमच्याकडे खुंट आणि डोळा यांच्या जाडीचा मेळ बसला नाहीं तर कलम धरत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशीं कागदावर तीन आंकडे इंचांत व मिलिमीटरांत लिहून मी प्रथम वरूडच्या त्याच दुकानांत गेलों, जेथें ‘नाहीं’ हें उत्तर मिळालें होतें. या वेळीं मीं जीपचें नांवही काढलें नाहीं. कागद पुढें केला. दुकानदारानें चष्मा लावून तो वाचला, लहान लहान डब्यांच्या ओळीवरून बोट फिरवीत गेला, आणि एक डबा काढून म्हणाला, “हे जुन्या ट्रॅक्टरचं आहे. किती पाहिजेत?” तीन आठवडे ती वस्तु घरापासून हांकेच्या अंतरावर पडून होती. तिला जीपचें नांव ठाऊक नव्हतें, आणि मला तिचें. मीं दोन घेतलीं. दोहोंचें मिळून मूल्य दोनशें रुपयांच्या आंतच झालें. वणवणींत प्रवासखर्च किती झाला तें घरांत सांगितलेलें नाहीं, म्हणून येथेंही सांगत नाहीं.

सील मिळालें म्हणजे काम झालें असें मात्र नव्हे. मिस्त्रीनें पुढें जें केलें तेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यानें प्रथम आंस घांसलेटानें धुवून त्यावर नख आडवें फिरविलें. इतक्या वर्षांच्या घर्षणानें ओठाच्या जागीं एक बारीक खांच पडली होती. दगडी काठावर दोराचा व्रण पडतो तसाच रबराच्या ओठाचा पोलादावर पडतो, कारण त्याच्याबरोबर धूळ असते. खोल खांच असती तर तीवर पातळ पोलादी नळी चढवावी लागली असती. आमची उथळ होती. म्हणून त्यानें सील बैठकींत किंचित् अलीकडे बसविलें, म्हणजे नवा ओठ नव्या वाटेवर टेकेल. ओठाची स्प्रिंगेची बाजू ग्रीसच्या दिशेला ठेवली. ती उलटी झाली तर नवें सीलही पहिल्या दिवसापासून गळूं लागतें. ओठाला आधीं ग्रीस चोळलें, कारण कोरडा ओठ पहिल्या कांहीं फेऱ्यांतच जळतो. कवचावर सपाट लांकूड ठेवून चोहोंकडून हलके ठोके दिले, एकीकडून जोरानें नव्हे. तुंब्यांत ग्रीस कोंबून भरलें नाहीं. अधिक भरलेलें ग्रीस तापलें कीं फुगतें आणि वाट काढतें ती सीलांतूनच. मग आंतली चाकी चाक अडेपर्यंत आंवळून सुमारें एक-षष्ठांश फेरा मागें घेतली, चाक मोकळें फिरतें पण डुलत नाहीं असें पाहिलें, आणि दुसरी चाकी आवळून पत्रा वांकविला. डुलणारें चाक चांगलें सीलही महिन्याभरांत खाऊन टाकतें. ग्रीसनें भिजलेले लायनर धुवून भागत नाहीं. ते दोन्ही चाकांचे नवे घातले. एकाच बाजूचे बदलले असते तर गाडीची ओढ पुन्हां कायमच राहिली असती.

पहिल्या दिवशीं सपाट सडकेवर, गाडींत एकटा बसून, मीं वीस वेळां ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर थांबत होती. उतरून दोन्ही ड्रमांवर हात ठेवला. ऊब दोन्हींकडे सारखी होती. आठ दिवसांनीं चाकांच्या आंतल्या बाजूला पांढरें फडकें फिरवून पाहिलें, तें धुळीखेरीज कशानें मळलें नाहीं. तेव्हां पुतण्याला कळविलें.

तो दिवाळीला आला. आल्या दिवशींच, कोणाला न सांगतां, अंगांत जुना सदरा घालून गाडीखालीं शिरला. बऱ्याच वेळानें बाहेर येऊन त्यानें मला एवढेंच विचारलें, “काका, हें माप तुम्हीं कोठें लिहून ठेवलें आहे?” मीं वही दाखविली. त्यानें तें स्वतःच्या हातानें एका जाड कागदावर लिहिलें आणि गाडीच्या समोरच्या खणांत, दादांच्या जुन्या कागदांवर, ठेवून दिलें. भाऊबिजेला आईला घेऊन मुलताईस तोच गेला. विकण्याची गोष्ट निघाली नाहीं. मी घरींच राहिलों, आणि संध्याकाळीं ओळखीचा आवाज गल्लींत येईपर्यंत जेवलों नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे.

आमच्या सीलाचें माप मीं येथें मुद्दामच दिलें नाहीं. तुमची गाडी आमच्या गाडीच्या वर्षाची असली तरी साठ वर्षांत तिचा तुंबा कोणी कातून घेतला असेल, आंस बदलला असेल. आमचें माप तुमच्या उपयोगाचें नाहीं, तुमचें तुम्हींच घेतलें पाहिजे. मात्र एक करावें. गाडी असो, पाण्याचा पंप असो कीं पिठाची चक्की असो, जेव्हां केव्हां ती उघडली जाईल, तेव्हां आंतील कड्यांचें माप घरच्या वहींत लिहून ठेवावें, आणि नवा भाग बसून चार दिवस नीट चालेपर्यंत जुना टाकूं नये. आमचें उजवें सील, वेडेंवांकडें झालेलें, मीं आतां एका डबींत ठेवलें आहे. त्या डबीवर नातवानें मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलें आहे: ‘आजोबांनीं फेंकूं नये.’